सात किड्यांचा हेडफोन

निप्पोनबाशीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या त्या दुकानात हेडफोन भिंतीवर ओळीने टांगलेले होते, वाळत घातलेल्या मासळीसारखे. कुणीही यावं, हवा तो उतरवावा, कानाला लावून पाहिजे तितका वेळ ऐकावं आणि न घेता निघून जावं. न घेता जाणाऱ्यालाही दुकानातली माणसं कमरेत वाकून निरोप देत होती. फुसाएला हे काही पटलं नाही. सासऱ्यांच्या टोफूच्या दुकानात तिने चाळीस वर्षं काढली होती, आणि तिथे चव बघून न घेता गेलेली गिऱ्हाइकं तिला अजून नावानिशी आठवत होती.

"टोफू चाखला की संपतो, आई," मिहो म्हणाली. "आवाज कुठे संपतो?"

"संपत नाही. पण परक्याच्या कानाचा मळ चिकटतो."

मिहो तिची सून. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी फुसाए तिची ओळख "आमच्याकडे नवीन आलेली" अशी करून देई. मिहोने त्यावर कधी काही म्हटलं नाही. ती कशावरच फारसं काही म्हणत नसे, आणि फुसाएला तिचं तेवढंच आवडे.

काम असं होतं. त्यांच्या आळीतल्या देवळात दर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सुझुमुशी ऐकायची बैठक भरे. सुझुमुशी म्हणजे कलिंगडाच्या बीसारखा काळा किडा. नर पंख उभे करून एकमेकांवर घासतो आणि बारीक घंटी हलवावी तसा वाजतो. आळीतली म्हातारी माणसं वर्षभर मातीची खोकी जपून तो वाढवत, त्याला काकडी-वांगं घालत, एकमेकांना खाऊ नयेत म्हणून वर सुक्या मासळीची भुकटी भुरभुरत, आणि त्या संध्याकाळी आपापला पिंजरा उचलून देवळात येत. कुणाचा किडा सरस, हे फुसाए ठरवी. एकतीस वर्षं तीच ठरवत आली होती. ती ज्याला पहिला म्हणेल त्याच्या मालकाचं नाव लाकडी पाटीवर चढे आणि वर्षभर देवळाच्या दारात राही. बक्षीस काही नव्हतं. त्यामुळेच भांडणं जास्त होत.

गेल्या वर्षी उकाड्याने दोघं जण देवळातच भोवळ येऊन पडले. म्हणून यंदा देवळाच्या भिक्षूंनी ठरवलं की बैठक नको. किडे पाळणाऱ्या सातही जणांनी आपापल्या घरी किड्याचा आवाज फोनमध्ये भरून पाठवावा, फुसाएबाई घरबसल्या ऐकून निकाल देतील. ते सात आवाज मिहोच्या फोनवर आले. फुसाएने फोन कानाशी धरून सगळे ऐकले. पहिल्यात रस्त्यावरून गेलेली स्कूटर होती. दुसऱ्यात कुणीतरी बशी खाली ठेवली. चौथ्यात त्सुनेको खोकली. त्सुनेको म्हणजे शेजारच्या गल्लीतली, फुसाएच्याच वयाची, एकवीस वर्षं किडे पाळूनही पाटीवर एकदाही न चढलेली. किडा मात्र सातांपैकी एकातही नव्हता.

"सुझुमुशीचा आवाज फोनमधून जात नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे," फुसाए म्हणाली होती.

आणि ते खरोखरच सगळ्यांना माहीत होतं. घरोघरी तारेचे फोन होते तेव्हा परगावच्या बहिणीला ऐकवायचा म्हणून किती जणींनी पिंजऱ्याशी फोन धरला; पलीकडे कधी कुणाला काही ऐकू आलं नाही. किड्याचा आवाज उंच, तारेला तो पेलत नसे. मिहोने मान हलवली होती. "हो, जात नाही म्हणतात."

निकाल येत्या शनिवारी द्यायचा होता. न ऐकता निकाल फुसाएने एकदाही दिला नव्हता, आणि हे ती दरवर्षी देवळात उभी राहून सगळ्यांना ऐकवी. यंदा त्सुनेकोने आधीच बोलून ठेवलं होतं, "फोनबिन बाईंना जमत नसेल तर राहू दे, दुसरं कुणी बघेल." दुसरं कुणी या दोन शब्दांनी फुसाएची दोन रात्रींची झोप गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाच हजार येन पर्समध्ये घालून ती मिहोला म्हणाली, "चल. चांगला हेडफोन घ्यायचा. चांगला म्हणजे महाग नव्हे."

दुकानातला माणूस पन्नाशी उलटलेला, छातीवर ओकुई अशी चिठ्ठी लावलेला. त्याने वाकून विचारलं, "कुठल्या प्रकारचं गाणं ऐकता, आजी?"

"आजी कुणाची? तुझी का?"

"चुकलो. बाई, कुठल्या प्रकारचं गाणं?"

"गाणं नाही. किडा."

ओकुई हसला नाही. त्याच्याकडे आगगाडीच्या चाकांचा आवाज ऐकणारे येत, धबधबा ऐकणारे येत. एकदा एक जण स्वतःच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग घेऊन आला होता आणि तीन तास बसला होता. त्याने फक्त विचारलं, "कुठला किडा?"

"सुझुमुशी."

"नर एकटा की जोडी?"

फुसाएला तो माणूस जरा बरा वाटला. "एकटा. मादी ठेवली की तो गाणं सोडून संसाराला लागतो. आणि मग ती त्याला खाते." एवढं सांगून तिने सुनेकडे पाहिलं.

"तुमच्या मुलाला मी अजून खाल्लेलं नाही, आई," मिहो म्हणाली.

"वाळत चाललाय."

मिहोच्या फोनला वायर घालायचं भोकच नव्हतं. ओकुईने खिशातून एक आखूड जोड काढून लावला, एक हजार नऊशे ऐंशीचा हेडफोन खुंटीवरून उतरवला, कानाच्या दोन्ही गाद्या ओल्या कागदाने पुसल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केला. पुसलेलं बघून फुसाएने तो घेतला. केस विस्कटू नयेत म्हणून आधी मागून घालून पाहिला, मग नाइलाजाने वरून घातला.

पहिला आवाज लागला. स्कूटर डावीकडून आली आणि उजवीकडे गेली.

"कसं वाटतंय?"

"स्कूटर फार छान आहे. पुसून ठेवावीशी वाटते इतकी जवळ आली. किडा नाही."

ओकुईने भुवया जरा वर केल्या. दुसरा हेडफोन तीन हजार तीनशेचा, गाद्या मऊ, पण डोकं आवळणारा. त्यात बशी ठेवल्याचा आवाज इतका स्वच्छ आला की फुसाएने ती चिनी मातीची नसून काचेची आहे हे ओळखलं. तिसरा चार हजार सातशेचा. त्यात त्सुनेको खोकली तेव्हा फुसाएने मान मागे घेतली.

"पैसे वाढतात तसा खोकला वाढतो," ती म्हणाली. "किडा आहे तिथेच आहे, म्हणजे कुठेच नाही. चौदाशे येनची मासळीची भुकटी घालून पाळलेला किडा तुमच्या यंत्रातून बाहेर येईना, आणि फुकटचा खोकला येतोय. हे विकायला ठेवता?"

"माफ करा," ओकुई म्हणाला. हे तो सवयीने म्हणाला की मनापासून, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

काढलेले हेडफोन फुसाए काउंटरवर तसेच टाकत होती, चालू. त्यांच्यातून काहीतरी बारीक पाझरत असावं, कारण मिहो प्रत्येक वेळी ते उचलून उलटे, गाद्या खाली करून ठेवी आणि मग समोरच्या वायरींच्या ढिगाकडे बघत उभी राही. फुसाएच्या ते लक्षात आलं, पण सुनेला वस्तू सरळ ठेवायची खोडच आहे, असं म्हणून तिने सोडून दिलं.

"बाई, एक करू या," ओकुई म्हणाला. "घेऊ नका. फक्त फरक कळावा म्हणून ऐका." त्याने कुलपातल्या कपाटातून एक जाड, काळा हेडफोन आणला. चिठ्ठी बासष्ट हजारांची होती. फुसाएने चिठ्ठी वाचली, पर्स काखेत घट्ट धरली आणि डोकं पुढे केलं.

ओकुईने चौथं रेकॉर्डिंग लावलं. फुसाएच्या कानात त्सुनेकोचं घर आलं. भिंतीवरचं घड्याळ आलं. चटईवर कुणी पाय आखडून घेतला, बाही गुडघ्याला घासली, लांब कुठेतरी पंखा फिरत होता आणि दर फेऱ्याला एकदा अडत होता. त्सुनेकोचा श्वास आला, तोंडाने घेतलेला, थोडा घरघरणारा. पिंजऱ्याच्या बांबूच्या कामटीवर कुणाचं तरी नख लागलं. मग बराच वेळ त्सुनेको अगदी गप्प बसली. माणूस काहीतरी मन लावून ऐकताना बसतो तशी. फुसाएही ऐकत राहिली. त्या गप्प बसण्यात घड्याळ होतं, पंखा होता, श्वास होता. आणखी काही नव्हतं.

तिने हेडफोन कानांवर राहू दिला आणि डोळे उघडले. समोर ओकुईने तो पहिला, एक हजार नऊशे ऐंशीचा उचलला होता. यंत्रात काही बिघाड आहे का ते बघायला म्हणून त्याने दुसरी वायर जोडली, स्वतःच्या कानाला लावला आणि मान जराशी तिरपी केली. त्याचा दुकानदारी चेहरा सैल पडला. ओठ थोडे उघडे राहिले.

फुसाएने काळा हेडफोन काढला. "काय ऐकतोयस?"

"हाच, चौथा." ओकुई भानावर आला नव्हता, म्हणून खरं बोलून गेला. "काय सुरेख आहे हो. आमच्या आजोळी परसात असायचे. मधेच थांबतो, मग हळू सुरू करून वाढवत नेतो. किती वर्षांनी..." आणि तिथे तो थांबला. त्याने फुसाएकडे पाहिलं, मग मिहोकडे. मग खाली बघून एक सुटी वायर उगाच गुंडाळायला लागला.

फुसाएने काळा हेडफोन काउंटरवर ठेवला. तिला गेल्या वर्षीची बैठक आठवत होती. सगळ्यांचे किडे यंदा अशक्त आहेत, आवाजात जोर नाही, उकाड्याने मरगळलेत, असं तिने भर देवळात सांगितलं होतं आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. मग चष्मा लावून, पिंजऱ्यांना नाक टेकवून तिने बघितलं होतं की कुणाचे पंख उंच उभे राहतात आणि कुणाचे जास्त वेळ थरथरतात. मोरिओकाचा किडा दिसायला झोकदार होता. पाटीवर मोरिओका चढला. त्याच्या आदल्या वर्षी कसं ठरवलं होतं ते तिने आठवून पाहिलं, आणि आठवलं तेव्हा तो विचार तिने तिथेच सोडला.

"यंत्राचाच दोष आहे, बाई," ओकुई म्हणाला. "हा आवाज फार वरचा असतो. कुठल्याही हेडफोनला..."

"तुला त्याच हेडफोनमधून ऐकू आलं ना?"

"हो."

"मग यंत्राला कशाला शिव्या देतोस. ते बिचारं स्वस्त आहे, पण काम करतंय." ती सुनेकडे वळली. "कधीपासून माहीत आहे तुला?"

मिहोने वायरींच्या ढिगावरून नजर काढली. "गेल्या वर्षीपासून. स्वयंपाकघरातला आपला पिंजरा रात्रभर वाजत होता आणि तुम्ही म्हणालात, मेला वाटतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, तुझेच कान खराब."

"म्हणालेच असते," फुसाए म्हणाली. "आणि परवा? फोनमधून जात नाही असं मी म्हणाले, तेव्हा मान कशाला हलवलीस?"

"जात नाही म्हणतात, असं म्हटलं मी. लोक तसं म्हणतात, हे खरंच आहे."

फुसाएने पर्समधून गोड गोळ्यांची पुडी काढली, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि एक ओकुईच्या हातावर ठेवली. सुनेला दिली नाही. थोडा वेळ ती गोळी गालात फिरवत उभी राहिली. शेजारच्या खुंटीवरून कुणा कॉलेजातल्या मुलीने हेडफोन उतरवला, मान हलवत ऐकला, परत टांगला आणि ती गेली. ओकुई तिला निरोप द्यायला वाकायचा तो फुसाएसमोरच वाकला.

"तू ते वायर गुंडाळणं बंद कर," फुसाए त्याला म्हणाली. "एवढी वर्षं आवाजाचा धंदा करतोस. वरचा आवाज खाली आणता येतो का, ते सांग."

ओकुईने विचार केला. "जुन्या टेपची बॅटरी उतरली की काय व्हायचं, आठवतं?"

"बाई गायला लागली की बुवा व्हायचा."

"तेच करता येईल. वेग निम्मा केला की आवाज तेवढा खाली उतरतो. पण मग तो सुझुमुशीसारखा लागणार नाही, आधीच सांगतो."

"मला जावई करायचा नाहीये. निवडायचाय. कर."

त्याने सातही आवाज दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेतले, वेग निम्मा केला आणि काळा हेडफोन पुढे केला. फुसाएने तो बाजूला सारला आणि एक हजार नऊशे ऐंशीचा मागितला. स्कूटर आता ट्रकसारखी घरघरत गेली. ती गेल्यावर फुसाएच्या कानात काहीतरी सुरू झालं. तांब्याच्या भांड्याच्या काठावरून ओलं बोट फिरवावं तसं, लांबलचक, थरथरतं. घंटी नव्हती ती. ओळखीचं त्यात काही नव्हतं. फुसाएने काउंटरची कड धरली.

"ऐकू येतंय?" मिहोने विचारलं. हेडफोनमुळे फुसाएला ऐकू जाणार नाही हे लक्षात येऊन तिने पुन्हा विचारलं नाही.

फुसाएने पहिला शेवटपर्यंत ऐकला. मग बोट वर करून दुसरा मागितला. निम्म्या वेगात प्रत्येक घासणं सुटं सुटं येत होतं. पंख कुठे नीट बसतो आणि कुठे निसटतो, हे पिंजऱ्याला कान लावूनही तिला कधी इतकं कळलं नव्हतं. पहिल्याचा पंख दर चौथ्या घासण्याला अडत होता. दुसरा घाई करत होता. तिसरा म्हातारा होता, सुरुवात मोठी करून शेवट गिळत होता. चौथा हळू निघाला, एकसारखा भरत गेला, वर पोचल्यावर तिथे थांबला, आणि सांडू न देता खाली आला. त्सुनेको खोकली, आता पुरुषासारखी, तरी तो विचलित झाला नाही. फुसाएने चौथा पुन्हा लावायला सांगितला. मग पाचवा, सहावा, सातवा, आणि परत चौथा.

ओकुईने तिला बसायला स्टूल आणून दिलं. ती बसली नाही. सगळं मिळून पाऊण तास गेला. दोन वेळा माणसं येऊन तो हेडफोन मोकळा व्हायची वाट बघत थांबली. दोन्ही वेळा फुसाएने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती माणसं दुसऱ्या खुंटीकडे गेली.

"हा घेते," अखेर तिने हेडफोन उतरवून काउंटरवर ठेवला. केस पार विस्कटले होते. "पण हाच, हा लोकांनी ऐकून शिळा केलेला. आणि शिळ्याचे पैसे कमी कर."

"पाऊण तास तर तुम्हीच शिळा केलात, बाई."

"मग मलाच सवलत दे. किती?"

ओकुईने दीड हजार सांगितले. फुसाएने चौदाशे म्हटलं. ओकुईने कपाळ पुसलं आणि चौदाशेला दिला. वेग निम्मा केलेले सातही आवाज त्याने मिहोच्या फोनवर परत घातले आणि तो आखूड जोड पिशवीत टाकला. त्याचे पैसे लावले नाहीत, आणि तो फुकट टाकतोय हे बघून फुसाएने पर्स मिटली.

बाहेर ऊन होतं. दोघी दुकानाच्या छपराखालीच थांबल्या.

"लिही," फुसाए म्हणाली. "आत्ताच लिही भिक्षूंना. पहिला, त्सुनेको."

मिहोने मान वर केली. "त्सुनेकोबाई?"

"तू काय बहिरी झालीस? त्सुनेको. दुसरा नंबर सातव्या आवाजाचा, तो कुणाचा असेल त्याचा. तिसरा कुणीच नाही, बाकीचे भाजीत घालायच्या लायकीचे आहेत. हे शेवटचं लिहू नकोस."

मिहोचा अंगठा फोनवर फिरत होता.

"आणि खाली लिही. फुसाएला सुझुमुशी ऐकू येत नाही. आवाजाचा वेग निम्मा करून ऐकला. पुढल्या वर्षी दुसरं कुणी बघा."

अंगठा थांबला. "हे लिहू?"

"लिही."

मिहोने लिहिलं. फुसाएने फोन मागून घेतला, चष्मा चढवला आणि ओळीखाली बोट फिरवत एकेक शब्द वाचला. तिला वाचायला वेळ लागे, पण शब्द सुटत नसे. 'वयामुळे थोडं कमी ऐकू येत असल्याने' असं तिथे होतं.

"हे थोडं कुठून आलं?"

"बरं दिसतं म्हणून."

"काढ. आणि कमी पण काढ. कमी नाही, येत नाही."

मिहोने काढलं.

"वयामुळे काढ."

"ते तर खरं आहे, आई."

"त्सुनेको माझ्याच वयाची आहे. तिला येतंय ऐकू. वयाचं नाव सांगितलं तर ती आळीभर तेच सांगत फिरेल."

मिहोने तेही काढलं. मग जरा थांबून विचारलं, "गेल्या वर्षीचं काय? मोरिओकांचं नाव अजून दारात आहे."

फुसाएने रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या दुकानात कुणी पंखे रचत होतं. मिहोने फोन खाली केला, तेव्हा ती म्हणाली, "लिही. गेल्या वर्षीचा निकाल पंख बघून दिला होता. त्याच्या आदल्या वर्षीचाही."

"मोरिओका चिडतील."

"चिडू दे. त्याचा किडा दिसायला चांगलाच होता."

मिहोने सगळं लिहून फोन सासूपुढे धरला. फुसाएने पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग कुठे दाबायचं ते विचारलं, मिहोने दाखवलं, आणि तिने दाबलं.